तोच आकडा, दोन वेळा: मॉरिशसच्या भांडवली गुंतवणुकीचे प्रकरण

मॉरिशसचे सांख्यिकी कार्यालय देशातील गुंतवणुकीचे आकडे जाहीर करते, तेव्हा मुख्य आकड्यासोबत आणखी एक आकडा देते: विमाने आणि जहाजे वगळून. भारतासारख्या देशात अशा वेगळ्या आकड्याची गरज कोणाला भासणार नाही. मॉरिशसचे वार्षिक सकल देशांतर्गत उत्पादन मात्र 2016 च्या सुमारास साधारण 1200 कोटी डॉलर होते. लांब पल्ल्याच्या एका मोठ्या विमानाची किंमत 12 कोटी डॉलर धरली, तरी एका विमानाच्या खरेदीने त्या वर्षीचा गुंतवणुकीचा दर पूर्ण एका टक्क्याने वर सरकतो. देशात एकही नवा कारखाना उभा राहिला नसेल, एकही रस्ता झाला नसेल, तरी आलेखात उंचवटा दिसतो, आणि पुढच्या वर्षी विमान आले नाही की तोच आलेख घसरलेला दिसतो. लहान बेटाच्या अर्थव्यवस्थेत भांडवली गुंतवणुकीचे प्रमाण वाचताना किती सावध राहावे लागते, हे या एका गोष्टीवरून लक्षात यावे.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय हेच प्रमाण आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याला सकल स्थिर भांडवल निर्मितीचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण म्हणतात. वर्षभरात देशाने जे काही उत्पन्न केले, त्याच्या तुलनेत किती रक्कम इमारती, रस्ते, बंदरे, यंत्रसामग्री आणि वाहने अशा वर्षानुवर्षे उपयोगी पडणाऱ्या गोष्टींवर खर्च झाली, हे त्यातून कळते. मॉरिशसच्या बाबतीत हे प्रमाण 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात 18 टक्क्यांच्या आसपास होते, 1990 च्या सुमारास ते 30 टक्क्यांच्या जवळ गेले, 2008 ते 2010 या काळात 25 टक्क्यांच्या आसपास राहिले आणि 2015-16 मध्ये पुन्हा 17 टक्क्यांपर्यंत उतरले. म्हणजे तीस वर्षांच्या अंतराने देश जवळपास त्याच आकड्यावर परत आला. पण पहिल्या वेळी त्या आकड्यापाठोपाठ बेकारी ओसरली आणि निर्यात वाढली, तर दुसऱ्या वेळी साडेतीन-पावणेचार टक्क्यांच्या संथ वाढीपुढे अर्थव्यवस्था सरकेना. एकच प्रमाण दोन इतक्या वेगळ्या परिस्थितींचे वर्णन कसे करते, हा या अभ्यासातला मुख्य प्रश्न आहे.

उसाचे बेट आणि शिवणयंत्र

फेब्रुवारी 1960 मध्ये कॅरोल नावाच्या चक्रीवादळाने मॉरिशसची लाकडी, पत्र्याची आणि गवताने शाकारलेली हजारो घरे जमीनदोस्त केली. त्यानंतर बेटावर सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामाची लाट आली आणि सरकारी गृहनिर्माण वसाहती उभ्या राहिल्या. त्या बांधकामाची नोंद भांडवल निर्मिती म्हणूनच झाली, पण त्यातला मोठा भाग गमावलेल्या भांडवलाची भरपाई होता. ‘सकल’ या शब्दाचा अर्थ इथे नीट समजून घ्यायला हवा. घसारा आणि झीज वजा न करता केलेली ही मोजणी असते. ज्या बेटावर वादळे येतच राहतात, तिथे सकल गुंतवणूक मोठी असूनही देशाच्या हाती असलेले निव्वळ भांडवल जेमतेम वाढते, असे सहज घडू शकते.

पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या समितीने मॉरिशसविषयी जो अहवाल दिला, त्याचा सूर निराशेचा होता. एकाच पिकावर अवलंबून असलेले बेट, झपाट्याने वाढणारी लोकसंख्या आणि कामाची टंचाई यांमुळे या देशाचे भवितव्य बिकट आहे, असे मीड यांचे मत होते. पुढे 1977 मध्ये नोबेल पुरस्कार मिळालेल्या या अभ्यासकाचे निदान त्या वेळच्या परिस्थितीला धरूनच होते. लागवडीखालची बहुतेक जमीन उसाखाली होती आणि निर्यातीचे जवळपास सगळे उत्पन्न साखरेचे होते. 12 मार्च 1968 रोजी स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा त्यात फारसा फरक पडलेला नव्हता.

मीड यांची एक सूचना मात्र मोलाची ठरली: कामाला माणसे भरपूर आणि भांडवल थोडे असताना, थोड्या भांडवलावर अनेकांना काम देणारे उद्योग उभे करावेत. 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. त्याचे वैशिष्ट्य असे, की कुंपण घातलेला एखादा विशेष पट्टा आखण्याऐवजी सगळे बेटच त्या क्षेत्रात धरले गेले. कारखाना गावात काढला तरी कर आणि आयात शुल्काच्या सवलती लागू होत. त्यामुळे शिवणकामाचे कारखाने गावोगावी निघाले, आणि ज्या स्त्रियांना शहरात राहून नोकरी करणे शक्य नव्हते, त्यांना घराजवळ पगाराचे काम मिळाले.

या कारखान्यांसाठी पैसा कुठून आला, हे पाहणे महत्त्वाचे आहे. 1974 मध्ये साखरेच्या जागतिक भावाने उच्चांक गाठला. युरोपीय देश आणि त्यांच्या जुन्या वसाहती यांच्यातील 1975 च्या लोमे व्यापार करारासोबत साखरेविषयी जो पुरवणी करार झाला, त्यामुळे मॉरिशसला युरोपच्या बाजारात सुमारे 5 लाख टनांचा हमी कोटा मिळाला, आणि त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत तिथला भाव जागतिक भावापेक्षा बराच वरचा राहिला. साखर मळ्यांच्या मालकांनी त्या नफ्याचा काही भाग कापड उद्योगात घातला. हाँगकाँगचे उद्योजक आपले तंत्र आणि गिऱ्हाईक घेऊन आले, पण या क्षेत्रातले जवळपास निम्मे भागभांडवल स्थानिक होते. माझ्या मते साऱ्या कहाणीचे मर्म या निम्म्या भागात आहे. परकी भांडवल जसे येते तसे जाऊही शकते. उसाचा नफा जेव्हा त्याच बेटावर शिवणयंत्राचे रूप घेतो, तेव्हा तो तिथे रुजतो.

1970 च्या दशकाच्या अखेरीस साखरेचे भाव कोसळले, तेलाचे वाढले, परकीय गंगाजळी आटली. 1979 आणि 1981 मध्ये मॉरिशसच्या रुपयाचे अवमूल्यन करावे लागले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींखाली सरकारने खर्चाला कात्री लावली. गुंतवणुकीचा दर 18 टक्क्यांच्या आसपास आला तो या दिवसांत. एवढाच आकडा हाती असता तर कोणीही म्हटले असते, की हा देश आता थांबला. प्रत्यक्षात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यात क्षेत्रात 25 हजारांच्या आसपास माणसे कामाला होती, ती दशक संपेपर्यंत 90 हजारांच्या घरात गेली. तेव्हा देशाची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. दर पाच माणसांमागे एकाला काम नाही, इतकी बेकारी होती, ती जवळपास संपली.

हे इतक्या कमी गुंतवणुकीत कसे साधले? शिवणविभागात एका कामगारामागे लागणारे भांडवल म्हणजे एक औद्योगिक शिवणयंत्र, एक बाक आणि डोक्यावर छप्पर. सरकारने कारखान्यांसाठी गाळे आधीच बांधून ठेवलेले होते, आणि पहिल्या लाटेत बसवलेली पण मंदीत पुरेशी न वापरलेली यंत्रे अवमूल्यनानंतर पूर्ण वेळ चालू लागली. निर्यातीला उचल मिळाली ती हाती असलेल्या भांडवलाच्या चांगल्या वापरामुळे, आणि गुंतवणुकीचा दर त्यानंतर चढला. 1990 च्या सुमारास तो 30 टक्क्यांच्या जवळ पोहोचला, तेव्हा मजूर मिळेनासे झाले होते, मजुरी वाढत होती आणि कारखानदार माणसांच्या जागी यंत्रे बसवू लागले होते. अनेकांनी तर आपल्या शाखा शेजारच्या मादागास्करमध्ये काढल्या. जास्त गुंतवणूक म्हणजे जास्त वाढ, या सरळ समीकरणात मॉरिशसचे 1980 चे दशक बसत नाही. तिथे वाढ आधी आली आणि गुंतवणूक तिच्या मागोमाग.

दुसरा उतार

2005 च्या सुरुवातीला जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत संपली आणि 2006 पासून युरोपने साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी कमी केला. ज्या दोन खांबांवर बेटाची निर्यात उभी होती, ते दोन्ही एकदम कमकुवत झाले. त्याला तोंड देण्यासाठी साखर कारखान्यांचे एकत्रीकरण झाले, चिपाडावर वीज निर्माण करणारी संयंत्रे बसली, भारताच्या कर्जसाहाय्याने एबेन येथे माहिती तंत्रज्ञानासाठी सायबर सिटी उभी राहिली आणि किनाऱ्यावर हॉटेले वाढली. 2010 च्या आधीची काही वर्षे गुंतवणुकीचा दर पुन्हा 25 टक्क्यांच्या आसपास गेला तो या सगळ्यामुळे. त्या वर्षांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे थोडे आहे. हॉटेलांची बांधकामे संपत आल्यावर दर घसरू लागला आणि सहा वर्षांत तो 17 टक्क्यांवर आला.

घसरणीचे स्वरूप समजून घ्यायचे तर एकूण आकडा फोडून त्याचे घटक पाहावे लागतात. गुंतवणुकीच्या हिशेबात दोन मोठे रकाने असतात: एक बांधकामाचा आणि दुसरा यंत्रसामग्री व उपकरणांचा. मॉरिशसमध्ये बांधकामाचा वाटा सातत्याने निम्म्याहून बराच जास्त राहिला आहे आणि त्यात निवासी बांधकामाचा हिस्सा मोठा आहे. बेटावरच्या कोणत्याही गावात काँक्रीटच्या सपाट गच्चीवर खांबांच्या लोखंडी सळ्या उघड्याच वर आलेल्या दिसतात. उद्या मुलाचे लग्न झाले की वरचा मजला चढवता यावा, म्हणून त्या तशाच ठेवलेल्या असतात. कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात ज्याने घर बांधताना ‘सळ्या सोडून ठेवल्या’, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. राष्ट्रीय हिशेबात तो वरचा मजला ही गुंतवणूकच आहे. कुटुंबासाठी ती अत्यंत समंजस गुंतवणूक आहे. पण त्या मजल्यातून निर्यात होत नाही, आणि त्यात लागलेले पोलाद, तारा, नळ, सिमेंट हे सगळे बाहेरून आणावे लागत असल्यामुळे परकीय चलन मात्र खर्च होते.

सर्वसामान्य माणसाच्या घराविषयी माझी तक्रार नाही. खरा बदल झाला तो परदेशी ग्राहकांसाठी बांधलेल्या आलिशान घरांमुळे. 2002 च्या एकात्मिक रिसॉर्ट योजनेने परदेशी नागरिकांना किमान 5 लाख डॉलर मोजून बेटावर बंगला विकत घेण्याची वाट मोकळी करून दिली. 2007 मध्ये लहान भूखंडांसाठी तशीच योजना आली, 2015 मध्ये त्यांची जागा नव्या मालमत्ता विकास योजनेने घेतली आणि सोबत ‘स्मार्ट सिटी’ योजनाही आली. साखरेतून पूर्वीसारखा नफा उरला नव्हता, आणि मळेवाल्यांकडे हजारो एकर जमीन होती. ज्या घराण्यांनी 1970 च्या दशकात उसाचा नफा शिवणयंत्रांत घातला, त्यांच्याच कंपन्या आता उसाचे शेत भूखंडांत बदलू लागल्या. थेट विदेशी गुंतवणुकीतला निम्म्याहून अधिक वाटा अनेक वर्षे एकट्या स्थावर मालमत्तेचा राहिला.

एक तांत्रिक बाब इथे लक्षात घ्यायला हवी, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. परदेशी ग्राहक बंगल्यासाठी जी किंमत मोजतो, ती सगळी विदेशी गुंतवणूक म्हणून नोंदली जाते. भांडवल निर्मितीत मात्र फक्त बांधकामाचा खर्च धरला जातो, जमिनीची किंमत धरली जात नाही, कारण जमीन नव्याने निर्माण झालेली नसते, तिचा फक्त मालक बदलतो. समुद्रकिनाऱ्यालगतच्या बंगल्याच्या किमतीत जमिनीचा वाटा किती मोठा असतो, हे कोकणात जागेची चौकशी केलेल्या कोणालाही सांगायला नको. त्यामुळे विदेशी गुंतवणूक वाढल्याच्या बातम्या येत राहतात आणि त्याच वेळी भांडवल निर्मितीचा दर खाली जात असतो. दोन्ही आकडे खरे असतात.

या बदलाची झळ मराठी माणसालाही लागते, म्हणून एक उल्लेख आवश्यक वाटतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून जे लोक मॉरिशसला गेले, त्यांच्या वंशजांची वस्ती बेटाच्या पश्चिमेकडील रिव्हिएर न्वार जिल्ह्यात जुनी आहे. उन्हाचा आणि प्रवाळी समुद्राचा हा पश्चिम किनारा आलिशान बंगल्यांच्या योजनांनाही सर्वांत सोयीचा ठरला. आजूबाजूला परदेशी ग्राहकांच्या ऐपतीने जमिनीचे भाव ठरू लागले, की तिथल्या तरुण जोडप्याला बापाच्या गच्चीवरचा मजला हाच एक मार्ग उरतो. गच्चीवरच्या त्या सळ्यांमागे परंपरा जेवढी आहे, तेवढीच ही अडचणही आहे.

बचत कुठे गेली

गुंतवणुकीचा पैसा एक तर देशाच्या बचतीतून येतो किंवा बाहेरून. 1990 च्या दशकात मॉरिशसची देशांतर्गत बचत उत्पादनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास होती, म्हणजे गुंतवणुकीचा बहुतांश भार ती पेलत होती. 2015 च्या सुमारास ती जेमतेम एक-दशांश उरली. 17 टक्क्यांची गुंतवणूक आणि 10 टक्क्यांची बचत यांच्यातील दरी बाहेरच्या पैशाने भरली जाते. माझ्या दृष्टीने गुंतवणूक घटल्यापेक्षा ही गोष्ट अधिक चिंतेची आहे.

ही दरी भरण्यात मॉरिशसच्या वित्तीय केंद्राचा मोठा हात आहे. भारताशी 1980 च्या दशकात झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे, या इवल्याशा बेटावर नोंदलेल्या कंपन्यांमार्फत भारतात प्रचंड पैसा आला. 2000 नंतर भारतात आलेल्या एकूण थेट विदेशी गुंतवणुकीचा सुमारे एक-तृतीयांश भाग, कराराची दुरुस्ती होईपर्यंत, मॉरिशसच्या वाटेने आलेला होता. तो पैसा बेटावर फार काळ थांबत नव्हता. त्यातून कारखाने उभे राहिले ते चाकण, श्रीपेरंबुदूर किंवा साणंदला, आणि मॉरिशसच्या वाट्याला आली ती हिशेबनीस, वकील आणि बँक कर्मचाऱ्यांची चांगल्या पगाराची कामे, तसेच बँकांमधील ठेवी. 10 मे 2016 रोजी करारात दुरुस्ती झाली आणि भांडवली नफ्यावर कर लावण्याचा अधिकार भारताकडे आला. उत्पादनाचा एक भाग असा कागदावर चालणाऱ्या सेवांचा असेल, तर गुंतवणुकीचे प्रमाण कमी दिसणे थोडे स्वाभाविकही आहे, कारण हिशेबनिसाला लागणारे भांडवल एका टेबलात आणि संगणकात मावते. या एका मुद्द्यापुरते 17 टक्के वाटतात तितके वाईट नाहीत, हे मान्य करायला हवे.

खासगी गुंतवणूक मंदावल्यावर सरकार पुढे आले. राजधानी पोर्ट लुई ते क्युरपिप हा 26 किलोमीटरचा मेट्रो एक्सप्रेस मार्ग हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. 1964 मध्ये बंद झालेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवरूनच तो बऱ्याच ठिकाणी जातो. भारताने 2016 मध्ये दिलेल्या 35.3 कोटी डॉलरच्या विशेष साहाय्यातला मोठा भाग या मार्गासाठी होता, कंत्राट मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोला मिळाले, आणि रोझ हिल ते पोर्ट लुई या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर 2019 मध्ये झाले. गुंतवणुकीचा दर 2016 च्या तळापासून 2019 मध्ये 19 टक्क्यांच्या पुढे गेला, त्यात या कामाचा वाटा होता. अनुदानाच्या पैशाने झालेले काम भांडवल निर्मितीत तितकेच मोजले जाते जितके स्वतःच्या बचतीतून झालेले, पण देशाच्या ताकदीविषयी ते तेवढे सांगत नाही. पुढच्या गाड्या, रूळ आणि सिग्नल बदलण्याचा खर्च कोणत्याही अनुदानात लिहिलेला नसतो.

त्यानंतर महामारी आली आणि या प्रमाणाचा आणखी एक दोष उघड झाला. समजा एखाद्या देशाचे उत्पादन 100 आणि गुंतवणूक 20 आहे. एका वर्षात उत्पादन 85 वर आणि गुंतवणूक 15 वर आली, तर दर 20 वरून 17.6 टक्क्यांवर येतो. गुंतवणुकीचा चौथा हिस्सा नाहीसा झालेला असतो, पण आकडा अडीच टक्क्यांहूनही कमी घटलेला दिसतो, कारण छेदही सोबतच आक्रसलेला असतो. मॉरिशसमध्ये 2020 साली जवळपास हेच झाले. उत्पादन सुमारे 15 टक्क्यांनी आणि गुंतवणूक सुमारे एक-चतुर्थांशाने घटली, तरी दर 18 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिला. मध्यवर्ती बँकेने सरकारला 60 अब्ज मॉरिशियन रुपये दिले आणि अडचणीतील मोठ्या कंपन्यांना भांडवल पुरवण्यासाठी 80 अब्ज रुपयांची वेगळी गुंतवणूक संस्था स्थापन केली. तिच्या नावात ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द असला, तरी हॉटेलांची देणी भागवण्यासाठी गेलेला पैसा भांडवल निर्मितीत येत नाही. त्याने जुने भांडवल गंजण्यापासून वाचले, एवढेच म्हणता येईल, आणि त्या वर्षी तेही कमी नव्हते.

आता मॉरिशसचे सरकार किनारे वाहून जाऊ नयेत म्हणून बांध घालते, पावसाच्या पाण्यासाठी नाले रुंद करते आणि धरणांची क्षमता वाढवते. ही सगळी कामे येत्या काळात गुंतवणुकीचा दर वर नेतील. कॅरोलनंतरच्या काँक्रीटप्रमाणे त्यातला बराचसा खर्च आहे ते राखण्यासाठी असेल. म्हणून या बेटाची वार्षिक आकडेवारी आली, की मी आधी एकूण दराकडे पाहत नाही. विमाने-जहाजे वगळलेली यंत्रसामग्री त्यात किती आहे, आणि तिच्या शेजारी देशाची स्वतःची बचत किती आहे, हे दोन आकडे आधी शोधतो. 1984 मध्ये हे दोन्ही वर चढण्याच्या बेतात होते, 2016 मध्ये दोन्ही उतरलेले होते, आणि दोन्ही वर्षी एकूण दर मात्र जवळपास सारखाच होता.